खर्डा, साक्ष आणि ‘म्हणे’

१

मराठी समीक्षेने निर्मितिप्रक्रियेचा विचार पुष्कळ केला आहे. अनुभवाला आकार कसा येतो, लेखकाचे ‘मी’पण त्या आकारात कितपत विरते, कलाकृतीची सेंद्रियता कशात असते, या प्रश्नांभोवती मर्ढेकरांपासून आजपर्यंत विपुल लेखन झाले. परंतु एकदा कागदावर उतरलेला मजकूर लेखक पुन्हा हाती घेतो तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाकडे आपले लक्ष त्या मानाने कमी गेले. त्याचे एक कारण व्यावहारिक आहे. आपल्याकडे कादंबऱ्यांचे खर्डे फारसे जपले जात नाहीत; पुस्तक छापून आले की हस्तलिखित बहुधा रद्दीत जाते. आता संगणकावर तर नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो आणि जुन्याचा मागमूसही राहत नाही. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. पुनर्लेखन म्हणजे भाषेवरून फिरवलेला अखेरचा हात, अशी एक समजूत आपल्या अध्यापनात आणि पुस्तक-परीक्षणांतही रुजलेली आहे. आशय आधीच सिद्ध झालेला असतो, पुढे उरते ती काटछाट आणि सफाई, असे या समजुतीत गृहीत धरलेले असते.

हे गृहीत मला तपासून पाहावेसे वाटते. गेल्या अकरा वर्षांत मी एकच कादंबरी चार वेळा लिहिली. ती पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाची आणि १९७२ च्या दुष्काळाची आहे. पहिला खर्डा सव्वाचारशे पानांचा होता, चौथा अडीचशेच्या आत आला. या चार खर्ड्यांच्या दरम्यान जे बदलले त्याला भाषेची सफाई म्हणणे मला शक्य नाही. माझ्यापुरते मी असे म्हणेन की, पुनर्लेखनात प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला जात होता : तू कोणाच्या साक्षीवर उभे आहेस? पुढील विवेचन या एका प्रश्नापुरते मर्यादित आहे.

‘मसुदा’ या शब्दाऐवजी ‘खर्डा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. मसुद्याला कचेरीचा वास आहे. खर्ड्याला हाताचा आहे. वर्गात हा शब्द उच्चारला की आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना आधी जामखेड तालुक्यातले खर्डा आणि १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. तोही संदर्भ अगदीच गैरलागू नाही, कारण खर्ड्यातही काही पक्ष एकमेकांसमोर उभे असतात आणि सारेच टिकत नाहीत.

२

पुनर्लेखनाची चर्चा सुरू झाली की आपण फ्लोबेरकडे वळतो. १८५१ ते १८५६ अशी पाच वर्षे ‘मादाम बोव्हारी’वर खर्च करणारा, वाक्य मोठ्याने म्हणून पाहणारा, रुआँच्या ग्रंथालयात खर्ड्यांची हजारो पाने मागे ठेवून गेलेला हा कादंबरीकार या विषयाचा आदर्शच मानला जातो. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु माझ्यासमोरचा प्रश्न उचित शब्दाचा नव्हता, साक्षीचा होता. आणि त्या प्रश्नाची उदाहरणे मला आमच्याच जिल्ह्याच्या मातीत, गद्याच्या आणि पद्याच्या आरंभापाशी सापडली. (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे; कादंबरीचा काळ मात्र अहमदनगरचा आहे.)

पहिले उदाहरण म्हाइंभटांचे. ते सराळ्याचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. चक्रधरांच्या प्रयाणानंतर ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांकडून त्यांनी लीळा ऐकल्या, लिहून घेतल्या, आणि ज्यांच्यासमोर त्या घडल्या त्यांच्याकडे जाऊन पडताळून पाहिल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे खिलजीच्या स्वारीतील धामधुमीत नष्ट झाला आणि अनुयायांनी तो आपापल्या स्मरणातून पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. परिणामी ‘लीळाचरित्रा’ला अनेक पाठ आले. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एखादी लीळा कोणी वेगळ्या रीतीने सांगितली असेल तर तो निराळा पाठ पोथ्यांमध्ये नोंदवला जातो, आणि अशा पाठाला त्या परंपरेत ‘वासना’ असा शब्द आहे. इच्छा या अर्थाने आपल्याला परिचित असलेला हा शब्द तिथे पाठांतर या अर्थाने येतो. कोणाच्या स्मरणात ती गोष्ट कशी मुरून राहिली, याची ती नोंद होय.

दुसरे उदाहरण नेवाशाचे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी तिथे गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. पुढे सुमारे तीनशे वर्षांत लिपिकारांच्या हातून त्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी प्रती तपासून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी कडक ताकीदही शेवटी दिली. इथे संशोधन याचा अर्थ शोधून शुद्ध करणे असा आहे : एक पाठ निश्चित करायचा, उरलेले बाजूला सारायचे.

सराळे आणि नेवासे, दोन्ही गोदावरी-प्रवरेच्या परिसरातली गावे. माझ्या मते मराठीतील पुनर्लेखनाच्या दोन प्रवृत्ती या दोन नावांनी ओळखता येतील. एक प्रवृत्ती साक्षीदार मोजते आणि त्यांच्यातील फरक जपते. दुसरी मूळ शब्दाकडे परतते आणि भर पडलेले काढून टाकते. कादंबरीकाराला या दोहोंची गरज असते. प्रश्न असतो तो केव्हा कोणती, हा.

३

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) अवघ्या दोन-तीन आठवड्यांत एका झपाट्यात लिहिली गेली, ही गोष्ट मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. पुढे काही काळ नेमाडे अहमदनगरलाही अध्यापन करीत होते, त्यामुळे आमच्याकडच्या साहित्यिक गप्पांत या झपाट्याची कथा विशेष आवडीने सांगितली जाते. नवोदित लेखकांना तिचा मोह पडतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली, हेही उदाहरण तिच्या जोडीला दिले जाते. मग पुनर्लेखनाचे एवढे माहात्म्य कशाला?

या दोन्ही पुस्तकांत बोलणारा एकच आहे आणि तो स्वतःविषयी बोलतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पांडुरंग सांगवीकरची साक्ष पांडुरंग सांगवीकरच देतो. श्यामची आठवण श्यामचीच असते. साक्षीदार आणि निवेदक यांच्यात अंतर नसल्यामुळे पडताळणीचा प्रश्न तिथे वेगळ्या स्वरूपाचा होतो. त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ मात्र ‘झूल’ (१९७९) नंतर एकतीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झाली. अनेक पिढ्यांचे आणि अनेक समूहांचे बोलणे एका निवेदकाच्या तोंडी येणार असेल, तर वेळ लागतो. संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या रंगनाथ पठारे यांचा प्रवासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ‘ताम्रपट’ (१९९४) या कादंबरीत जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा पट आहे. ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) मध्ये एका कुळाच्या मिषाने सुमारे सातशे वर्षे. जिथे कागद संपतो तिथे कल्पनेलाच साक्षीला उभे करावे लागते, आणि मग तिची उलटतपासणीही लेखकालाच घ्यावी लागते.

म्हणून लेखनाचा वेग हा प्रतिभेचा मापदंड समजू नये. तो पुष्कळदा साक्षीदारांच्या संख्येवर अवलंबून असतो.

माझ्या कादंबरीतील दुष्काळ माझ्या जन्माच्या आधीचा आहे. त्या वर्षी पाण्यापेक्षा धान्याचा तुटवडा मोठा होता. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती आणि खडी फोडणे अशी दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर अजून आहेत. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा याच अनुभवातून आला. ही माहिती मला ग्रंथांतून मिळाली. बाकीचे माझ्या आत्याकडून मिळाले.

आत्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती आणि खडी फोडायला जात होती. परंतु हजेरीच्या मस्टरवर तिचे नाव नव्हते. तिची खडी माझ्या आजीच्या नावावर मोजली गेली. म्हणजे ज्या साक्षीवर माझी कादंबरी उभी राहणार होती, ती साक्षीदार सरकारी कागदाच्या दृष्टीने त्या ठिकाणी नव्हतीच.

४

पहिल्या खर्ड्याचे काम लेखकाला गोष्ट कळावी एवढेच असते. तो वाचकासाठी नसतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात दुष्काळाची कारणमीमांसा होती, आकडेवारी होती, गावाचा भूगोल होता. मला हे सारे माहीत करून घ्यायचे होते आणि लिहिल्याखेरीज ते कळत नव्हते. दुसऱ्या खर्ड्यात त्यातले दीडशे पान गळाले. इथपर्यंतची प्रक्रिया बहुतेक लेखकांना परिचित असेल.

तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी एक व्याकरणिक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तीच या लेखाचे निमित्त आहे. संपूर्ण मजकूर रीतिभूतकाळात होता. बाया पहाटे उठत, डोक्यावर घमेले घेत, दोन कोस चालत, दिवसभर खडी फोडीत, संध्याकाळी माप होई, पैसे उशिरा मिळत. मराठी ग्रामीण कादंबरीत हा काळ फार वापरला जातो, आणि त्याचे कारणही उघड आहे. समूहाचे जगणे सांगायला तो सोयीचा आहे; त्याला एक लय आहे, आणि त्या लयीत करुणा आपोआप उतरते. जेरार जेनेत यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनमीमांसेत या प्रकाराची चिकित्सा केली आहे : अनेकदा घडलेले एकदाच सांगणे. प्रूस्तच्या संदर्भात त्यांनी केलेले ते विवेचन वाचताना, ज्या वर्षी ते पॅरिसमध्ये छापले गेले त्याच वर्षी पाथर्डीत आत्याचा घण चालू होता, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मी आत्याला काही पाने वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “ह्ये कोन्त्या दिवशीचं सांगतोय तू?”

हा प्रश्न जेनेतच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. आत्याच्या स्वतःच्या बोलण्यात ‘रोज असे होई’ अशी वाक्ये जवळजवळ नव्हती. ती नेहमी त्या एका दिवसाचे सांगत असे : ज्या दिवशी सुकडीचे पोते फाटले, ज्या दिवशी मस्टरवरचा कारकून आजारी पडला आणि माप झालेच नाही, ज्या दिवशी शेजारणीच्या हातावर घण बसला. रीतिभूतकाळ हा बाहेरून पाहणाऱ्याचा काळ आहे. ज्याने भोगले त्याला दिवस आठवतात.

तिसऱ्या खर्ड्यात मी रीतिभूतकाळाची क्रियापदे एकेक करून साध्या भूतकाळात नेली. हे वरवर पाहता शैलीचे काम वाटेल. प्रत्यक्षात त्याने कादंबरीची अर्धी इमारत हलवली. ‘माप होई’ या वाक्याला पुराव्याची गरज नसते. ‘माप झाले’ असे लिहिले की लगेच विचारावे लागते : केव्हा? कोणी केले? किती ब्रास भरली? लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितले? ज्या वाक्यांना या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत ती गळून पडली. त्यांच्यात काही फार सुंदर वाक्येही होती. आणि उत्तरे शोधताना जे नवे कळले ते माझ्या कल्पनेच्या आवाक्याबाहेरचे होते.

उदाहरणार्थ, खडीचा ढीग. “ढीग लावनं ह्येबी कसबच व्हतं,” आत्या म्हणाली. कडेने मोठी, धारदार खडी रचायची, पोटात जागा मोकळी ठेवायची आणि वरून बारीक खडी पसरायची. मग कमी खडीत माप भरते. उपाशी माणसांनी मापालाच चकवण्याची ही युक्ती कोणत्याही अहवालात असण्याचे कारण नाही. कादंबरीच्या मध्यभागी आता तो पोकळ ढीग आहे. पहिल्या खर्ड्यातील सव्वाचारशे पानांत त्याला जागा नव्हती, कारण ‘दिवसभर खडी फोडीत’ या तीन शब्दांनी ती जागा अडवली होती.

५

चौथ्या खर्ड्याचा प्रश्न अधिक अवघड होता. २०१६ साली आत्याने मला सांगितले होते की, मुकादमाने एके दिवशी तिच्या ढिगाला लाथ घातली, पोकळी उघडी पडली आणि त्या आठवड्याचे पैसे कापले गेले. कादंबरीतील एक महत्त्वाचे प्रकरण या प्रसंगावर उभे होते. २०२२ मध्ये तिने तोच प्रसंग पुन्हा सांगितला. या वेळी मुकादमाने ढिगावर पाय ठेवला, पाय खचला, त्याने तिच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता पूर्ण माप लिहून घेतले.

मी तिला दोन्ही कथने ऐकवली आणि खरे कोणते, असे विचारले. ती म्हणाली, “दोन्ही झालं आसंल. तवा लय ढीग लावले आमी.”

इथे नेवाशाची रीत म्हणते, एक पाठ निश्चित कर. रचनेच्या दृष्टीने तेच सोपे होते. पहिला पाठ ठेवला तर शोषणाची कादंबरी होते, दुसरा ठेवला तर माणुसकीची. आणि दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्यांना आपल्याकडे वाचक आहेत. हस्तलिखित वाचलेल्या एका प्रकाशकांनीही एकच पाठ ठेवण्याचा सल्ला दिला. तो सद्हेतूनेच दिला होता. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करून त्याला पुन्हा पुन्हा लिहायला लावीत, ती पद्धत १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडल्यावर क्षीण होत गेली. त्यामुळे कोणी मनापासून सल्ला दिला की तो मोलाचाच वाटतो. तरीही मला तो स्वीकारता आला नाही. पोकळ ढिगाबद्दल पैसे कापले जाणे आणि पोकळ ढीग पाहूनही पूर्ण माप लिहिले जाणे, या दोन शक्यतांच्या मध्ये ती चौदा वर्षांची मुलगी रोज सकाळी कामावर जात होती. एक शक्यता खोडली की तिची भीती खोडली जाते, किंवा तिची आशा.

म्हणून मी म्हाइंभटांच्या वाटेने गेलो. चौथ्या खर्ड्यात दोन्ही पाठ आहेत, सांगणाऱ्यासह आणि सांगण्याच्या वेळेसह. आणि हे शक्य झाले ते मराठीतील एका छोट्या शब्दामुळे : ‘म्हणे’. ‘मुकादमाने ढीग लाथाडला’ आणि ‘मुकादमाने म्हणे ढीग लाथाडला’ या दोन वाक्यांत माहिती एकच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात निवेदक आपली जागा कबूल करतो. मी तिथे नव्हतो, मला सांगितले गेले, सांगणारे माणूस आहे, आणि माणसाच्या स्मरणाला वासना असते. आपल्या प्रमाण गद्याने ‘म्हणे’ला बहुधा संशयाच्या किंवा उपहासाच्या कामी जुंपले आहे. आत्याच्या पिढीच्या बोलण्यात मात्र तो ऋणनिर्देश असतो. दुसऱ्याचे ऐकलेले आपले म्हणून सांगायचे नाही, एवढा प्रामाणिकपणा त्या दोन अक्षरांत आहे.

झाँ बेलमाँ-नोएल यांनी, योगायोगाने १९७२ सालीच, लेखकाच्या टिपणे-खर्ड्यांसाठी ‘पूर्वसंहिता’ या अर्थाची संज्ञा वापरली आणि फ्रान्समध्ये त्यातून समीक्षेची एक स्वतंत्र शाखा वाढली. खर्डे हे संहितेच्या आधीचे असतात, असे ती संज्ञा सुचवते. माझ्या अनुभवाला ही मांडणी पुरी पडत नाही. जे साहित्य मौखिक साक्षीवर उभे असते त्यात संहितेच्या आधी लेखकाचे खर्डे नसतात, इतरांचे बोलणे असते. आणि संहिता छापली गेली तरी ते बोलणे चालूच राहते. आत्या उद्या तिसरा पाठ सांगू शकेल. मराठीत खर्ड्यांचा अभ्यास कधी सुरू झालाच तर त्याने लेखकाच्या खोडाखोडीबरोबर या बोलण्याकडेही पाहावे, आणि आपले अभ्यासक तेथवर पोहोचेपर्यंत लेखकांनी निदान आपले खर्डे तारखेनिशी जपून ठेवावेत, अशी अपेक्षा करणे अनाठायी होणार नाही.

कादंबरी अद्याप अप्रकाशित आहे. तिच्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मी आजीचे आणि आत्याचे नाव मस्टरच्या रकान्यांप्रमाणे, एकाखाली एक, लिहिले आहे. ते पान पुढच्या कोणत्याही खर्ड्यात बदलणार नाही.